कड चमकता कामा नये

माझी जीभ तिखट आहे, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. आई म्हणायची, हिला सासू भेटली की कळेल. सासू भेटली, आणि तिची जीभ माझ्याहून तिखट निघाली. दहा बाय बाराच्या खोलीत अशा दोन बायका, त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या चाळीत करमणुकीसाठी कुणाला रेडिओ लावावा लागत नसे. अशी मी. तोंडात आलेला शब्द मी जन्मात गिळलेला नाही. पण एक गोष्ट गिळली, आणि सासू जाईपर्यंत ती घशात तशीच अडकून राहिली. आता बोलते, कारण ऐकून दुखावेल असं कुणी उरलं नाही.

सत्तरच्या आसपासचे दिवस. समुद्रात तेल सापडलं नव्हतं अजून, तेलाच्या विहिरी म्हटल्या की तिकडे गुजरातेत. आमचा कारखाना घाटकोपरच्या पश्चिमेला, एका डाळमिलच्या मागे. पत्र्याची लांबट शेड, थोडी लेथ मशिनं, पाण्याची एक मोठी टाकी आणि खिडकीखाली माझं टेबल. तिथे आम्ही प्रवाह मोजायची साधनं बनवायचो. नळाचं पाणी मोजणारं मीटर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण जमिनीतून सुसाट वर येणारा गॅस कसा मोजायचा? तो काय बादलीत धरता येतो? त्याची एक युक्ती आहे. पाइपात आडवी एक पोलादी चकती बसवायची, मधोमध गोल भोक असलेली. तिला आम्ही नुसतं प्लेट म्हणायचो. त्या भोकातून गॅसला अंग चोरून जावं लागतं, म्हणून प्लेटच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी. त्या दोन दाबांतला फरक एक पेन गोल कागदावर रेघ काढून दाखवत राहतं. फरक मोठा तर गॅस जास्त, फरक लहान तर गॅस कमी. झालं शास्त्र. आत फिरणारं चाक नाही की काही नाही. सगळं इमान त्या भोकाच्या कडेवर.

ही कड करकरीत हवी. नख फिरवलं तर नखाचा कीस निघाला पाहिजे. ती जराशी जरी गोलसर झाली, की गॅस तिच्यावरून अलगद घसरून जातो, दाबात फरक पडायचा तेवढा पडत नाही आणि पेन खालीच राहतं. येतोय भरपूर आणि दाखवतंय थोडं! बोथट कड ओळखणं हेच माझं काम. प्लेट खिडकीशी तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवायची. धारदार कडेवर उजेड ठरत नाही, ती काळीच दिसते. बोथट झाली असेल तिथे केसाएवढी पांढरी रेघ चमकते. रेघ दिसली की प्लेट बाद. मालकांनी मला कामावर घेतलं तेव्हाच सांगितलं होतं, "वहिनी, आपल्याकडे जगाच्या उलटं आहे. चमकलं ते खोटं. कड चमकता कामा नये." जी प्लेट पास व्हायची तिच्या पाइपाबाहेर राहणाऱ्या दांडीवर मी पंच ठोकून एक बारीक चांदणी उठवायचे. ती माझी खूण.

मालक मला वहिनी म्हणायचे, कारण आमचे हे त्याच कारखान्यात फिटर होते. प्लेटी घेऊन गुजरातेत जायचं आणि विहिरीवर बसवून यायचं, हे त्यांचं काम. जाऊन आले की अंगाला वेगळाच वास यायचा, चुलीवर रॉकेल सांडल्यासारखा. साबण संपला तरी तो जायचा नाही. मला त्या वासाची भीती वाटायची. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आमच्या गॅलरीच्या टोकाला उभं राहिलं, की चेंबूरच्या पलीकडे तेल शुद्ध करतात तिथला जाळ दिसायचा. उंच नळीच्या तोंडाशी चोवीस तास पेटलेला. संध्याकाळी त्याच्यामुळे तिकडचं आभाळ तांबडं व्हायचं. सासू दिवा लावला की आधी देवाला हात जोडायची, मग मुलासाठी त्या जाळाला. "अग्नी तो. माझ्या झिलाक सांभाळ रे बाबा," म्हणायची. मी म्हणायचे, "आई, तो सरकारी जाळ आहे, त्याला काय सांगता?" ती म्हणायची, "तू गप रव गो. सगळा तुकाच कळता."

एकदा त्याच गॅलरीत मी यांना विचारलं होतं, तुम्ही तिथे नेमकं करता काय? म्हणाले, नवी विहीर लागली की ती किती देते ते बघतात. वर झडप असते, ती थोडी थोडी उघडत जातात. येणारं सगळं एका मोठ्या बंद पिंपात शिरतं. तेल खाली बसतं, गॅस वरून निघतो, आपल्या प्लेटमधून जातो, आणि पुढे उघड्यावर पाइपाच्या तोंडाशी जाळून टाकतात. तो बघ, तसाच जाळ.

"आणि पेन खोटं बोललं तर?"

"तर माणूस झडप आणखी उघडतो. पिंपाला तेवढं सोसत नाही, मग गॅसबरोबर तेलसुद्धा वरून निघून जाळापर्यंत जातं. जाळाच्या तोंडातून पेटतं तेल पडायला लागतं."

"तुम्ही कुठे असता तेव्हा?"

"मी कुठे असणार? पेनपाशी. म्हणून म्हणतो बाई, नीट बघत जा प्लेटी." आणि हसले. मला अजिबात हसू आलं नाही. त्या रात्रीपासून मी प्रत्येक प्लेट दोनदा फिरवून बघायला लागले. बाकीच्यांना ती खोड वाटायची. वाटू दे.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर एक प्लेट घाईची निघाली. विहीर तयार होती, माणसं थांबली होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडायची होती. प्लेट मी तपासली. कड काळीभोर, कुठे केसाएवढी रेघ नाही. झकास प्लेट! चांदणी ठोकली. यांनी ती ग्रीस लावून बटरपेपरात गुंडाळली आणि गुंडाळताना त्यांच्या डाव्या हाताचं बोट कापलं. तशी ती सगळ्यांचीच बोटं कधी ना कधी कापायची. खंडेनवमीला कारखान्यात नुसती पूजा, दसऱ्याला कारखाना बंद, आणि यांना घरूनच थेट गाडी पकडायची होती, म्हणून प्लेट लाकडी पेटीत घालून अष्टमीलाच घरी आणली.

घरात शिरल्या शिरल्या सासूने चिंधी बघितली. "काय झाला रे बोटाक?"

"काही नाही गं आई. त्या प्लेटची कड लागली जरा."

एवढंच बोलणं झालं. मी तिथेच भाजी चिरत होते. मलासुद्धा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कोकणातलं घर असो नाहीतर मुंबईतली चाळ, त्या दिवशी लोखंडाला माणसासारखी आंघोळ असते. माझा सासरा गिरणीत होता. तो गेला तरी त्याचा पाना आणि त्याची कोयती सासू दर वर्षी चिंच-राखेने घासून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची. यांची हत्यारं म्हणजे तर तिचा जीव की प्राण. पोटाला घालतं ते घाण कसं ठेवायचं? घासून घासून ती असं काही उजळवायची, की बघत राहावं. मी तिच्याशी दुनियेवरून भांडले, पण तिच्या हाताच्या कामाला कधी नाव ठेवलं नाही.

कारखान्यातही पूजा होती. यांना आणि मला तिकडे जाणं भाग होतं. लेथना हार घातले, पेढे वाटले. मालकांचा एक नियम होता. प्लेटींवर लांबून फूल टाका, हात लावू नका. तो नियम आम्हां सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की घरी कुणाला सांगायची गोष्ट आहे असं मनातच आलं नाही. दुपारी परत आलो, तर पाटावर सगळं मांडलेलं, आणि पेटी बंद. वर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचं फूल. वाटलं, पेटीचीच पूजा केलेली दिसते. उघडून बघायला हवी होती, असं आता कुणी म्हणेल. म्हणो. पास झालेली, ग्रीस लावून बांधलेली प्लेट घरी कुणी उघडून बघत नाही.

दसऱ्याला सकाळी हे निघाले. सासूने हातावर दही घातलं. म्हणाली, "आज सीमा ओलांडूची असता. चांगलो दिवस." ते पेटी उचलून जिना उतरले. खाली जाऊन त्यांनी वर बघितलं, चिंधी बांधलेला हात हलवला, आणि कोपऱ्यावरून वळले. संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर मी गॅलरीत गेले, तर चेंबूरचा जाळ नेहमीपेक्षा उंच झालेला. मी शकुन-अपशकुन मानत नाही. तरी घरात येऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत भांडी घासत होते. कोपऱ्यात निसणा पडलेला. सासऱ्याच्या कोयतीला धार लावायचा, गावाहून आणलेला, अंगठ्याएवढा जाड, लांबट गोल दगड. नेहमी काळा ठिक्कर. आज त्याच्या अंगावर चंदेरी झाक. बोट लावलं तर बोटाला पोलादाची भुकटी.

"आई, कोयतीला धार लावलीत?"

"कोयतेक नाय गो. त्या भोकाच्या ताटलेक." सासू गव्हातले खडे निवडत होती. तोंडावर हसू मावत नव्हतं. "त्या मेलेन माझ्या झिलाचा बोट कापल्यान. परवा बसून आतली कड सगळी मारून टाकलंय, नि होता तसाच ग्रीस माखून परत बांधून ठेवलंय. अशी गुळगुळीत केलंय, आरशासारखी चमकता. आता कोणाचा बोट कापूचा नाय."

चमकता, हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. देवा! विहीर आजच. आज सकाळी. तोंडात काय काय आलं होतं, पण बोलायला वेळ कुठे होता? पायात चपलाही न घालता मी जिना उतरले. मागून सासू ओरडत होती, "अगो, खंय चाललंस? हात तरी धू!"

मालक शेडच्या दाराशीच भेटले. मी धापा टाकत सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. जवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "संपूर्ण कड?"

"सासूबाईंचं काम अर्धवट नसतं," मी म्हटलं. आणि तिथे मला पहिल्यांदा रडू फुटलं.

तार केली. अर्जंट ट्रंक कॉल लावला. पण तार काय, कॉल काय, जाणार गावातल्या ऑफिसात. विहीर तिथून लांब, शेतांच्या पलीकडे, तिथे फोन कुठला? आणि गावापर्यंतचीच लाइन लागेना. ऑपरेटर सारखी म्हणायची, लाइनवर थांबा. शेडमध्ये मशिनं कुणी बंद करायला सांगितली नव्हती, तरी एक एक करून बंद झाली. फोन वाजला की सगळे माना वर करायचे. एकदा वाजला तो कुणा गिऱ्हाइकाचा, दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला. मालकांनी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. मी मनात एकच घोकत होते. पेन खाली राहील. ते म्हणतील, विहीर कमी देतेय. कुणीतरी झडप आणखी उघडेल. पेन तरीही खाली राहील. आणि हे पेनपाशीच उभे असतील. आपल्या बायकोची प्लेट, म्हणून निर्धास्त.

दुपार टळल्यावर लाइन लागली. तिकडचा माणूस म्हणाला, विहीर सकाळीच उघडलीय, निरोप घेऊन जीप पाठवतो. मालक ओरडून सांगत होते, झडप बंद करा, आधी झडप बंद करा. तेवढ्यात लाइन तुटली. ते रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे राहिले.

पुढचा फोन आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मालकांनी तो दोन्ही हातांनी धरून ऐकला. ऐकताना ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून मला कळलं. मग म्हणाले, "आहेत. जिवंत आहेत, वहिनी. जीप पोचायच्या आधीच झालं."

बडोद्याच्या दवाखान्यात मी त्यांना बघितलं. चेहरा वाचला होता, कारण पेटतं तेल आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले होते. हातांनी सगळं सोसलं. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली होती. डाव्याची दोन काढून टाकावी लागली. त्यांतलं एक तेच, चिंधी बांधलेलं.

बोलायला लागले तेव्हा मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण माझी जीभ! "बसवताना कड बघितली नाही का हो तुम्ही?"

"अंधुक होतं. ग्रीसही होतं." मग म्हणाले, "दांडीवर तुझी चांदणी होती. ती असताना मी कड कशाला बघू?"

मी त्यांना निसण्याचं सांगितलं. ते डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "आईला कळता कामा नये. कधीच नाही. तुझा भरवसा नाही, शपथ घे." त्यांचा हात तर धरता येत नव्हता. मी त्यांच्या पायाला हात लावून शपथ घेतली.

पुढे चौकशी झाली. वारा फिरला होता, पिंपातली एक झडप अडकली होती, अशी बरीच कारणं निघाली. असतीलही. नुसत्या एका प्लेटने एवढं होत नाही, हे मलाही कळतं. पण प्लेट परत आली तेव्हा मालकांनी ती खिडकीशी धरून फिरवली आणि माझ्या हातात दिली. मी फिरवली. भोकाभोवती पांढरी रेघ, सलग, कुठे म्हणून खंड नाही. वरती दांडीवर माझी चांदणी.

हे घरी आले. सासूने त्यांना समोर बसवून पेज भरवली, लहानपणी भरवत असेल तशी. भेटायला चाळीतल्या बायका जमल्या होत्या. कुणी हळहळत होतं, कुणी पदर डोळ्यांना लावत होतं. मी स्टोव्हपाशी होते. खरं सांगते, त्या दिवसांत तिच्याकडे बघितलं की माझ्या मनात नाही नाही ते यायचं. भांडण काढून, सगळ्या चाळीसमोर, एका वाक्यात तिचं काळीज फोडता आलं असतं. वाक्य तयार होतं.

सासूने चमचा वाटीत ठेवला आणि यांचा डावा हात अलगद वर उचलून बायकांना दाखवला.

"बघा गो, काय हाल झाले माझ्या झिलाचे. पण देवाची कृपा म्हणूची. ती कड मी आधीच मारून ठेवलेलंय. नायतर उरलेली बोटां पण कापून गेली असती." मग माझ्याकडे वळली. "होय ना गो? सांग त्यांका."

यांनी माझ्याकडे बघितलं.

"होय आई," मी म्हटलं. "बरं झालं, तुम्ही मारून ठेवलीत."